दहा वेळा खाली

ब्रेल विभागाची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला अगदी शेवटची होती. ती तिथं मुद्दाम ढकललेली होती, कारण खोलीतला ब्रेलचा प्रिंटर चालू झाला की कोणी घण घालतंय असं वाटायचं. जाड कागदावर ठिपके उमटवायचे म्हणजे त्याला लोखंडी सुयांनी ठोकून काढावंच लागतं, त्याला इलाज नाही. ग्रंथालयातली मंडळी त्या यंत्राला लोहार म्हणायची.

खोलीत माणसं दोनच, एक वाचक आणि एक लेखनिक. वाचकाला सगळे भाऊ म्हणत आणि लेखनिकबाईंना ताई. भाऊ साठीला टेकलेले आणि ताई सेहेचाळीसच्या, तरी भाऊसुद्धा त्यांना ताईच म्हणायचे. त्यांच्यापुढं आपलं वय पुढं करायची भाऊंना कधी हिंमत झाली नव्हती.

ताई जन्मापासून अंध. भाऊ छापील पुस्तक समोर धरून वाचायचे आणि ताई कॉम्प्युटरच्या सहा कळांवर ते ब्रेलमध्ये उतरवायच्या. वाचायचं म्हणजे चिन्हांसकट वाचायचं. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण संपलं, नवा परिच्छेद, सगळं तोंडानं म्हणायचं. एकोणीस वर्षं हेच केल्यामुळं भाऊंच्या जिभेला तसं वळणच पडलं होतं. एकदा उपाहारगृहात त्यांनी 'एक चहा स्वल्पविराम साखर कमी' असं सांगितलं, आणि तेव्हापासून तिथला माणूस त्यांना कप देताना गंभीर चेहऱ्यानं 'पूर्णविराम' म्हणायचा. भाऊ दर वेळी कानापर्यंत लाल व्हायचे.

शब्दांची पुस्तकं सोपी होती, सारण्या मात्र जीव खायच्या. शाळेच्या पुस्तकांत पन्नास-पन्नास ओळींचे तक्ते असत आणि ओळीमागून ओळ तीच. मग दुसऱ्या वर्षी ताईंनी एक नियम केला. वरची ओळ जशीच्या तशी पुन्हा आली तर भाऊंनी फक्त 'वरीलप्रमाणे' म्हणायचं, आणि काही बदल असेल तर तेवढाच सांगायचा. त्या एका शब्दानं वर्षाकाठी कितीतरी दिवस वाचत.

आता भाऊ महिनाअखेरीला निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी दुसरा वाचक मिळणार नव्हता. संचालक मॅडमनी ते कागदावर न पाठवता स्वतः तीन जिने चढून येऊन सांगितलं, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. डोळस माणूस असल्याशिवाय ही खोली चालत नसेल तर विभाग बंद करावा लागेल, लोहार दुसऱ्या शहरातल्या मोठ्या केंद्राला जाईल, आणि ताईंना तळमजल्यावर चौकशीच्या फोनवर बसवावं लागेल.

ताईंनी विचारलं, "आणि चालत असेल तर?"

"तर मला दाखवा. तुम्ही एकटीनं, सुरुवातीपासून. पुढच्या शुक्रवारी येते मी."

मॅडम गेल्यावर ताईंनी कपाटातून ब्रेलच्या सोळा पानांची एक चवड काढली आणि भाऊंच्या समोर ठेवली. भाऊंना ठिपके डोळ्यांनी वाचता यायचे. पहिल्या पानावर लिहिलं होतं की एका कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम कशा बसवायच्या. ताई महिनाभर घरी बसून, स्वतः अंध असलेल्या आणि हे काम केलेल्या लोकांनी रेकॉर्ड करून ठेवलेली माहिती ऐकत होत्या आणि एकेक पायरी टिपत होत्या. मॅडम काय सांगायला येणार ते त्यांनी आधीच ओळखलेलं होतं.

अडचण अशी होती. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर जी त्याचा सगळा कारभार हातात घेते ती सिस्टिम, आणि ह्या कॉम्प्युटरवरची सिस्टिम अठरा वर्षांची म्हातारी होती. लोहार तिचंच ऐकायचा. त्याला चालवणारा प्रोग्राम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, आणि जाण्याआधी तिनं तो प्रोग्राम त्या एका डिस्कशी असा बांधून ठेवला होता की दुसरीकडं नक्कल केली तर तो डोळेच उघडायचा नाही. उलट नवी सिस्टिम लोहाराला ओळखायची नाही, पण तिला छापील पान दाखवलं तर ते आपल्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवायची. जुनीही बोलायची, पण फक्त इंग्रजीत; आपल्या भाषेतलं एक अक्षर तिला वाचता यायचं नाही. म्हणून ताईंना दोघीही हव्या होत्या. सकाळी नवीकडून पुस्तक वाचून घ्यायचं, ब्रेलमध्ये उतरवायचं, कॉम्प्युटर बंद करायचा, मग जुनी सिस्टिम उठवायची आणि लोहाराला कामाला लावायचं.

भाऊंनी सोळा पानं वाचून काढली. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की नव्या सिस्टिमचं काम म्हणजे आपलंच काम. आपल्या जागी येणाऱ्याला आपणच हाताला धरून खोलीत आणणार आहोत. त्यांना जरासं लागलं, नाही असं नाही. पण सोळा पानांत खाडाखोड कुठंच नव्हती, आणि तेराव्या पानावर तर एक टीप होती: 'इथं भाऊंना चहाला पाठवू नये, लागतील.' भाऊंनी चष्मा काढून पुसला.

सोमवारी सकाळी तळमजल्यावरचा दुरुस्तीवाला ताईंनी मागवलेली दुसरी डिस्क घेऊन आला. कॉम्प्युटरचा डबा उघडून त्यानं ती आत जोडून दिली. काम करताना तो सगळं भाऊंशी बोलत होता. बाईंना सांगा, दोन सिस्टिम एका डब्यात नांदत नाहीत. बाईंना सांगा, जुनं काढून टाका आणि सुखानं झोपा. ताई दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. शेवटी त्या भाऊंकडं तोंड करून म्हणाल्या, "भाऊ, यांना सांगा की बाईंना ऐकू येतं." दुरुस्तीवाला त्यानंतर एक शब्द बोलला नाही, पण जाताना त्यानं स्क्रू मात्र घट्ट लावले.

नवी सिस्टिम बसवताना ती बोलू शकली असती तर भाऊंची गरजच नव्हती. पण त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरचं आवाजाचं कार्ड तिला पूर्ण बसल्यावरच ओळखू येणार होतं. तोवर पडदा भाऊंनीच वाचायचा. दोघं नेहमीच्या खुर्च्यांवर बसले. ताईंचा डावा हात सोळा पानांवर आणि उजवा कीबोर्डवर. भाऊ पडद्यावरचा मजकूर वाचत होते, चिन्हांसकट, आणि ताई बोटं फिरवून पुढची पायरी शोधत होत्या. तासाभरात त्यांची लय लागली. पुस्तकच लावतोय असं भाऊंना वाटायला लागलं, आणि नेमकं तेच नडलं.

नवी सिस्टिम कोणत्या डिस्कवर बसवू, असं पडद्यानं विचारलं. खाली दोन ओळी होत्या. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, आणि नावापुढं अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक शेपटी. भाऊंनी पहिली ओळ वाचली, डोळे खाली नेले आणि म्हणाले, "दुसरी ओळ. वरीलप्रमाणे."

"बदल?"

"नाही."

ताईंनी क्षणभर विचार केला. जुनी डिस्क आधीपासूनची, तेव्हा पहिली ओळ तिची. दुसरी ओळ नव्या डिस्कची. त्यांनी बाण एकदा खाली दाबला आणि सगळी डिस्क वापरण्याची परवानगी दिली. पडद्यावर पट्टी सरकू लागली. ताईंचा हात सवयीनं डब्यावर जाऊन टेकला. चार सेकंद गेले असतील, पाच असतील. आतून एक घरघर आली आणि पाठोपाठ बारीक टिकटिक.

ताई उठल्या, टेबलाखाली वाकल्या आणि त्यांनी भिंतीतली पिन उपटली.

खोलीत एकदम शांत झालं. भाऊंना काही कळेना. त्यांनी विचारलं, काय झालं. ताई गुडघ्यांवरच होत्या, हातात पिन तशीच.

"भाऊ, नवी डिस्क आवाज करत नाही. तिच्यात फिरण्यासारखं काही नसतंच."

पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावर काळ्यावर पांढरी एकच ओळ आली. भाऊंनी ती वाचली तेव्हा त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. चालवण्याजोगी सिस्टिम सापडली नाही. म्हणजे जुनी सिस्टिम नाही, आणि जुनी नाही म्हणजे लोहार नाही. लोहार नाही म्हणजे शुक्रवारी मॅडमना दाखवायला काही नाही. दुरुस्तीवाल्यानं नव्या डिस्कची केबल पहिल्या खाचेत लावली होती आणि ओळींचा क्रम उलटला होता. शेपटीतले शेवटचे दोन आकडे वेगळे होते, आणि जुन्या डिस्कचा आकडा ताईंच्या सोळा पानांत नवव्या पानावर लिहिलेला होता. भाऊंनी ते दोन आकडे वाचले असते तर हे झालंच नसतं.

ते सगळं त्यांनी ताईंना सांगितलं, काहीही न लपवता. ताईंनी ऐकून घेतलं.

"वरीलप्रमाणे हा नियम माझा होता," त्या म्हणाल्या. "सारण्यांसाठी केलेला. आजपासून बंद. आणि जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली असती तर तुम्ही काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. ते मला सोळा पानांत सुचलं नाही. आता रडायला आधी कोणी सुरुवात करायची ते ठरवू या, म्हणजे दोघं एकदम नको."

भाऊंना हसू आलं नाही. घरी गेल्यावर त्यांनी जेवणाचं ताट पुढं सरकवलं, तेव्हा बायकोनं काय झालं म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं. ती म्हणाली की अहो, एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्यात, आता एक तुमची निघाली तर आभाळ कोसळलं का. मग थोड्या वेळानं तिनंच हळूच विचारलं, आता त्या बाईंचं काय होणार.

मंगळवारी ते पोचले तेव्हा ताई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी रात्रीतून काय काय ऐकून काढलं होतं देव जाणे, पण त्यांच्या समोर तीन नवी पानं होती. त्या म्हणाल्या की पाच सेकंदांत पुस्तक जाळता येत नाही, फार तर अनुक्रमणिका फाडता येते. कोणता भाग कुठून कुठपर्यंत, हे सांगणारं डिस्कचं पहिलं पान गेलंय. आतली पानं शाबूत असतील. असतीलच असं नाही, पण असतील असं धरून चालायचं.

हरवलेले भाग शोधणारा एक प्रोग्राम त्यांनी पेनड्राइव्हवर आणला होता. तो डिस्क पहिल्या टोकापासून चाळत गेला. पाच तास लागले. ताई मधूनमधून डब्यावर हात ठेवून टिकटिक ऐकत होत्या, आजाऱ्याची नाडी बघावी तसं. दुपारी यादी आली. भाग तीनच असायला हवे होते, पण यादीत ओळी चार होत्या. प्रत्येक ओळीत दोन आकडे, सुरुवात आणि शेवट, नऊ-नऊ अंकी.

ताईंनी ब्रेलची पाटी काढली, तिच्यात कागद अडकवला आणि टोचणी हातात घेतली. "एकेक अंक. घाई नको. सारखे असले तरी म्हणायचे."

भाऊंनी बोट पडद्यावर ठेवून वाचलं. तीन. शून्य. सात. दोन. टोचणीचा टकटक आवाज त्यांच्या मागोमाग येत होता. चारही ओळी झाल्या तेव्हा ताईंनी त्या परत वाचून दाखवल्या आणि भाऊंनी पडद्याशी ताडून पाहिल्या. मग उलट्या टोकाकडून पुन्हा एकदा. एकोणीस वर्षांत भाऊंनी कुठलंही पान इतक्या सावकाश वाचलं नव्हतं.

पहिली आणि चौथी ओळ सरळ होती. मधल्या दोन्ही ओळी दुसऱ्या भागावर हक्क सांगत होत्या. दोघींची सुरुवात एकाच आकड्यापासून आणि शेवट वेगवेगळा. यातली एक खरी, दुसरी कधीकाळच्या जुन्या मांडणीचं राहिलेलं भूत. प्रोग्रामला सांगता येत नव्हतं. चुकीची निवडली तर काय होईल ते विचारायचं धाडस भाऊंना झालं नाही.

ताई कागद उलटून बोटांनी आकडे वाचत होत्या. नऊ अंकी आकड्यांची वजाबाकी त्यांनी डोक्यात केली. भाऊंनी त्याच वजाबाक्या कागदावर केल्या आणि त्यांना एकदा चुकून पुन्हा कराव्या लागल्या. दुसऱ्या ओळीचा शेवट पुढच्या भागाच्या सुरुवातीच्या किंचित अलीकडं येत होता, दोन हजार सत्तेचाळीस आकडे मधे मोकळे. तिसरी ओळ पुढच्या भागाच्या पार पोटात शिरत होती.

भाऊ म्हणाले की दोन्ही जुळत नाहीत मग.

"दुसरी जुळते. दोन घरांच्या मधे बोळ असला तर चालतो, भाऊ. एका घरात दुसरं घर असलेलं चालत नाही."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की भाऊ त्यांच्याकडं बघतच राहिले. ताईंनी घर कधी पाहिलं नव्हतं, बोळ पाहिला नव्हता, हा पडदाही पाहिला नव्हता. आणि हा सगळा मोहल्ला त्यांच्या डोक्यात गल्लीबोळांसकट उभा होता. भाऊ डोळे असून कागदावर आकडेमोड करत होते.

ताईंनी दुसरी ओळ निवडली आणि लिहिण्याचा हुकूम दिला. कॉम्प्युटर बंद केला, पेनड्राइव्ह काढला, पुन्हा सुरू केला. बराच वेळ काही नाही. मग जुन्या सिस्टिमचा तो रोजचा, कानाला विटलेला, चार सुरांचा आवाज वाजला. ताईंनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. त्यांनी प्रोग्राम उघडला, एक ओळ टाइप केली आणि लोहारानं ती दणादण ठोकून बाहेर फेकली. खालच्या वाचनालयातून कोणीतरी वर येऊन, आज जरा जास्तच जोर आहे का, असं विचारून गेलं. भाऊंनी त्याची माफी मागितली, आणि मागताना त्यांचा चेहरा असा काही खुलला होता की तो माणूस चक्रावून परत गेला.

बुधवारी ताईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे डबा उघडून चाचपत जुन्या डिस्कची केबल काढली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. मग नवी सिस्टिम नव्या डिस्कवर बसवली. भाऊंनी प्रत्येक अक्षर वाचलं. संध्याकाळी चारच्या सुमारास डब्याला आवाज फुटला. एका बाईचा, सपाट, थोडा नाकातला आवाज. ताईंनी कसलंसं पुस्तक स्कॅनरवर पालथं घातलं आणि ती बाई वाचू लागली. भाऊ खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होते. दोन पानांत तिची एकच चूक निघाली. भाऊंनी मनात मोजलं की आपल्या दोन झाल्या असत्या.

"वाचते बरी," ताई म्हणाल्या. "कुठं हसायचं ते तिला कळत नाही." मग थोडं थांबून, "ते मी लक्षात ठेवीन."

गुरुवारी केबल पर्समधून परत डब्यात गेली. सोळा पानांतली शेवटची पायरी म्हणजे सुरू होताना निवडीची यादी दाखवणं. ती पडद्यावर आली तेव्हा भाऊंना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. चार ओळी होत्या. सगळ्यात वर नवी सिस्टिम, मधे दोन दुरुस्तीच्या ओळी, सगळ्यात खाली जुनी सिस्टिम. उजळ पट्टी बाणानं हव्या त्या ओळीवर न्यायची आणि एंटर दाबायचं. दहा सेकंदांत काही केलं नाही तर यादी आपणच पहिली ओळ उचलायची. भाऊंनी ते सगळं वाचून दाखवलं.

ताईंनी कान डब्याजवळ नेला. मग भाऊंच्याही ध्यानात आलं. दोन्ही सिस्टिम सुरू झाल्यावर बोलत होत्या, पण ही यादी दोघींच्याही आधीची. तिच्यापाशी आवाज नव्हता. ती कधी आली हे कळायला डोळे हवेत, पट्टी कोणत्या ओळीवर आहे हे कळायलाही डोळे हवेत. सोळा पानांत, ज्यांनी ज्यांनी ही माहिती सांगितली त्यांच्यापैकी कोणीच या दहा सेकंदांबद्दल बोललं नव्हतं. ज्यांना रोज एकच सिस्टिम लागते त्यांचं त्यावाचून अडत नसणार.

भाऊंनी सुचवलं की निवृत्तीनंतरही आपण रोज सकाळी येत जाऊ. घर लांब नाही. एक कळ दाबायची आणि दुपारी दुसरी, मग जायचं. घरी तरी बसून काय करायचं. ते मनापासून म्हणत होते आणि बोलता बोलता त्यांना ती कल्पना आवडायलाही लागली होती.

"नको, भाऊ," ताई म्हणाल्या. "तुम्हाला एक दिवस ताप आला की खोली बंद. मॅडम बरोबरच म्हणतात, मग ही खोली माझी नाहीच."

त्या आवाजात राग नव्हता, म्हणून भाऊंना ते जास्त लागलं. ताईंनी कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा सुरू केला.

"यादी आली की सांगा. मग मी म्हणेन तसं करा." यादी आली. "पट्टी कुठं आहे?"

"पहिल्या ओळीवर."

"खाली दाबा. आता?"

"दुसऱ्या."

"शेवटपर्यंत जा. आता आणखी एकदा खाली दाबा. वर उडी मारते?"

भाऊंनी दाबलं. पट्टी हलली नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. "नाही. तिथंच राहते."

"तिथंच? पाच-सहा वेळा दाबून बघा."

"तिथंच, ताई. जुनीवरच."

ताईंचा चेहरा बदलला. भाऊंनी तो चेहरा कठीण परिच्छेद सुटल्यावर पाहिला होता, पण एवढा उजळलेला कधीच नाही.

"म्हणजे खाली भिंत आहे," त्या म्हणाल्या. "मग मला पट्टी दिसायची काय गरज? दहा वेळा खाली दाबलं की ती कुठूनही निघाली तरी भिंतीलाच जाऊन टेकणार. दहा वेळा वर दाबलं की वरच्या भिंतीला. खाली जुनी, वर नवी. मधलं कोणाला हवंय?"

भाऊ पडद्याकडं बघत राहिले. पडद्यावर इतका वेळ काय दिसतंय ते त्यांनी शंभर वेळा वाचलं होतं. काय दिसलं नाही तरी चालेल, ते ताईंनी शोधलं होतं.

यादी कधी येते हा प्रश्न उरला होता. त्यावर ताईंनी त्या बोलक्या बाईला सोबत घेतलं आणि भाऊंना सांगितलं की आता तुम्ही खरंच चहाला जा. भाऊ परत आले तेव्हा दोन बदल झालेले होते. एका फायलीत दोन ओळी लिहून ताईंनी यादीला सांगितलं होतं की घाई करायची नाही, कळ दाबेपर्यंत थांबायचं. आणि आल्याबरोबर डब्यातल्या छोट्या स्पीकरवर एकदा बीप करायचं. हे भाऊंनी केलं नव्हतं, वाचलंही नव्हतं. त्यांच्याशिवाय झालेलं त्या खोलीतलं ते पहिलं काम.

शुक्रवारी अकरा वाजता संचालक मॅडम आल्या. ताईंनी त्यांना भाऊंची खुर्ची दिली आणि भाऊंना बाहेर बसायला सांगितलं, दार लावून घ्या म्हणून. "तुम्ही आत असलात की कोणालाही वाटेल तुम्ही खूण करताय. आणि तुम्ही करालही."

भाऊ बाहेरच्या बाकावर बसले. दाराच्या काचेवर कागद चिकटवलेला होता, त्यामुळं आत काही दिसायचं नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि ऐकायला लागले.

आधी पंख्याची घुंई. मग बीप. मग कळ दाबल्याचा आवाज, एक, दोन, तीन. भाऊ ओठांनी मोजत होते. दहा. एंटर जरा जोरात. त्यानंतर काहीच नाही. म्हाताऱ्या सिस्टिमला उठायला वेळ लागतो हे त्यांना ठाऊक होतं, पण बाकावर बसून तो वेळ फारच लांबला. आपण गुरुवारी शेवटची ओळ नीट वाचली होती ना, शेवटचीच होती ना, पाचवी नव्हती ना, असं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता. मग चार सूर वाजले. थोड्या वेळानं लोहारानं कामाला हात घातला आणि बाक हलायला लागला. एक पान, दोन पानं, तीन.

लोहार थांबला. पुन्हा पंखा, पुन्हा बीप, पुन्हा दहा, आणि या वेळी त्या नाकातल्या आवाजाची बाई पुस्तक वाचू लागली. कोणतं ते दारातून नीट ऐकू येईना.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ब्रेलचं एक पान होतं. ते त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या त्यावरून अंगठा फिरवत होत्या. त्या भाऊंच्या शेजारी बाकावर बसल्या, संचालकांनी बसावं तशा नाही, दमलेल्या माणसानं बसावं तशा. म्हणाल्या की लोहार कुठंही जात नाही आणि ताईही. फोनवर कोणाला बसवायचं ते मी बघते. मग विचारलं, "ताई कशा निवडतात हो? मी डोळे मिटून बघितलं. मला तर काहीच सुचलं नाही."

भाऊंनी दहा वेळा खाली, दहा वेळा वर, असं सगळं समजावून सांगितलं. मॅडमनी दोनदा विचारून घेतलं, मग पान घडी न घालता, जपून हातात धरून जिना उतरल्या.

ही बातमी ताईंना आपण सांगावी म्हणून भाऊ उठले आणि त्यांनी दार ढकललं. ताई पाठमोऱ्या बसल्या होत्या. बाई वाचत होती, ताईंची बोटं सहा कळांवर पळत होती. दाराचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली नाही. एका हाताचा पंजा वर केला, म्हणजे थांबा, एवढं वाक्य होऊ दे.

भाऊ दाराशी उभे राहिले आणि वाक्य संपायची वाट बघू लागले. वाक्य लांब होतं.